आज्ञा पाळून नक्की मिळतं काय?

मोहरीचा दाणा

हा प्रश्न माझा नाही, बारा वर्षांच्या एका मुलीचा आहे. पण गेले चार दिवस तो माझाच होऊन बसलाय, म्हणून आपल्या या मंचावर मांडते.

मी चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवते. सध्या देवाने मोशेला दगडी पाट्यांवर दिलेल्या दहा आज्ञा चालू आहेत. गेल्या रविवारी नववी झाली, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. मुलांना दोन दगडी पाट्यांचं चित्र छापलेला कागद दिला होता. पाट्यांवर एक ते दहा आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे मुलांनी आज्ञा लिहायची. वर्ग सुटला, मुलं पळाली, ही एकटी बसून राहिली. कागदाचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती, पुन्हा त्याच घडीवर दुमडत होती. मग म्हणाली, "टीचर, शाळेत काच फुटली तेव्हा आम्ही पाच जणी खेळत होतो. चौघी म्हणाल्या, आम्हाला माहीत नाही. मी खरं सांगितलं. शिक्षा मला झाली आणि त्या चौघी आता माझ्याशी बोलत नाहीत. मग आज्ञा पाळून मला काय मिळालं?"

मी पटकन म्हणाले, "देव तुला आशीर्वाद देईल."

तिने मान डोलावली. मोठ्या माणसांचं मन राखायला मुलं डोलावतात ना, तशी. माझ्याकडे उत्तर नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

घरी येऊन शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसले. त्यातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात पहिली चौदा वचनं नुसते आशीर्वाद आहेत. नगरात आशीर्वाद, शेतात आशीर्वाद, आत येताना आशीर्वाद, बाहेर जाताना आशीर्वाद. पहिल्या स्तोत्रात पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेलं झाड आहे. आणि मग स्तोत्र 73 काढलं तर तिथे स्तोत्रकार आसाफ म्हणतो की मी माझं मन शुद्ध राखलं ते व्यर्थच! म्हणजे या मुलीचा प्रश्न शास्त्रातच लिहून ठेवलाय, आणि मी मात्र तो एका वाक्यात मिटवायला निघाले होते.

परवा रविवार आहे. तिला काय सांगू?

जलप्रवाह

ताई, मी फार शिकलेला नाही, पण साक्ष देतो. मी जेव्हा आज्ञा मोडत होतो तेव्हा माझा पगार घरापर्यंत पोचत नव्हता. दारू, त्यासाठी उसनवारी, उसनवारी लपवायला खोटं, आणि खोटं उघडं पडलं की बायकोवर हात. प्रभूकडे आलो त्याला आता अकरा वर्षं झाली. मुलं माझ्या पायांचा आवाज ओळखतात आणि दाराकडे येतात. पूर्वीही ओळखत होती, पण आतल्या खोलीत जायची.

मला अनुवाद 28 चा अर्थ विचारू नका, मी तो जगतोय. देवाच्या आज्ञा पाळल्या की माणसाचं भलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलीला सांगा, धीर धर, तुझंही होईल.

शिदोरी

जलप्रवाह दादा, तुमची साक्ष वाचून खरंच डोळ्यांत पाणी आलं. त्यातला एक शब्दही मी नाकारत नाही. पण "तुझंही होईल" हे त्या मुलीला सांगू नये, असं मला कळकळीनं वाटतं. का ते सांगते.

माझ्या नवऱ्याला कामावर एका कागदावर सही करायला सांगितली होती. आकडे खोटे होते. त्याने नाही म्हटलं. दोन महिन्यांत नोकरी गेली आणि पुढची तीन वर्षं नीट काम मिळालं नाही. ते आम्ही सोसलं. सोसवलं नाही ते दुसरंच. आमच्यासाठी प्रार्थना करायला आलेला एक माणूस प्रार्थना संपल्यावर म्हणाला, "भाऊ, आज्ञापालनात कुठेतरी कमी पडत असाल, स्वतःला तपासून बघा." नवरा काही बोलला नाही. त्या रात्री तो जेवला नाही, आणि पुढे कित्येक महिने प्रार्थनेला डोळे मिटून नुसताच बसायचा.

शास्त्रातल्या ईयोब या नीतिमान माणसावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनीही हेच केलं होतं. चांगलं वागलास तर चांगलं मिळेल, वाईट झालं म्हणजे तू वाईट वागलास. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांना म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. मला हे वचन त्या दिवसांत सापडलं आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

आणि प्रभूने सांगितलेला तो खडकावरच्या घराचा दाखला. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. त्याची वचनं ऐकून त्याप्रमाणे वागणारा खडकावर घर बांधतो, नुसतं ऐकणारा वाळूवर. लहानपणापासून पाठ आहे. पण पाऊस दोन्ही घरांवर पडतो, पूर दोन्हीकडे येतो, वारा दोन्ही घरांना झोडपतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आज्ञा पाळणाऱ्याच्या घरावर पाऊस कमी पडेल असं प्रभू कुठेच म्हणत नाही. घर पडलं नाही, एवढंच म्हणतो.

आमचं घर पडलं नाही.

जलप्रवाह

ताई, माफ करा. मी घाईत लिहिलं. तुमच्या यजमानांना माझा जय ख्रिस्त सांगा.

लेखणी

धागा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, पण बरीच वर्षं शास्त्रपाठ घेतो, आणि हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

मोहरीचा दाणा ताई, तुमच्या त्या कागदावर पाट्यांची सुरुवात एक या आकड्यापासून होते ना? शास्त्रात तशी होत नाही. निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात पहिल्या आज्ञेच्या आधी एक वाक्य आहे: "ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो मी परमेश्वर तुझा देव आहे." यात करा किंवा करू नका असं काही नाही. फक्त झालेली गोष्ट सांगितली आहे. यहूदी परंपरेत तर हेच वाक्य दहांपैकी पहिलं वचन म्हणून मोजतात. आपण ते प्रस्तावना म्हणून ओलांडून जातो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

क्रम बघा. इस्राएली लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते. देवाने त्यांना सोडवलं. समुद्र ओलांडला, रानात मान्ना हे आकाशातून आलेलं अन्न मिळालं, खडकातून पाणी मिळालं. मिसरातून निघाल्यावर तिसऱ्या महिन्यात ते सीनाय पर्वतापाशी पोचले आणि त्यानंतर त्यांना आज्ञा मिळाल्या. देवाने मोशेला मिसरात पाट्या देऊन पाठवलं असतं आणि सांगितलं असतं की या दहा पाळून दाखवा, मग सोडवतो, तर आज्ञापालन ही सुटकेची किंमत झाली असती. तसं झालं नाही. सुटका आधी, आज्ञा नंतर. सुटलेल्या माणसाने पुन्हा गुलाम होऊ नये म्हणून दिलेल्या त्या आज्ञा आहेत.

प्रॉटेस्टंट परंपरेतली 1563 सालची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्नोत्तरांतून श्रद्धा शिकवणारं पुस्तक, याच क्रमाने रचली आहे. तिचे तीन भाग आहेत: माणसाची दुर्दशा, मग सुटका, मग कृतज्ञता. दहा आज्ञांचं विवेचन पहिल्या भागात असेल असं वाटतं ना, पापाची यादी म्हणून? ते तिसऱ्यात आहे, कृतज्ञतेत. प्रेषित पौलही इफिसकरांस पत्र लिहिताना हेच सांगतो. तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही (2:8-9). आणि लगेच पुढच्याच वचनात, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. लोक आठवं आणि नववं वचन पाठ करतात आणि दहाव्याच्या आधी थांबतात.

आता मुलीचा प्रश्न, काय मिळालं?

लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवा, धाकटा सगळं उडवून परत आला आणि बापाने मेजवानी घातली तेव्हाचा. उधळ्या पुत्रावर शेकडो प्रवचनं ऐकली असतील, थोरल्यावर किती ऐकली? तो शेतातून येतो, घरात गाणंबजावणं ऐकतो, आत जायचं नाकारतो आणि बापाला म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, तरी मला मित्रांबरोबर आनंद करायला तुम्ही साधं करडू दिलं नाही. हा माणूस खोटं बोलत नाही. त्याने खरोखर आज्ञा मोडल्या नव्हत्या. पण त्याने आयुष्यभर मजुरी मोजली. बाप काय उत्तर देतो? "बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस आणि माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे." बापाच्या हिशेबात तो रोज मिळवतच होता, बापाबरोबर असणं हीच ती मिळकत. ती त्याने कधी मिळकत म्हणून मोजलीच नाही.

एकोणिसाव्या स्तोत्रात दावीद देवाच्या विधींविषयी म्हणतो की ते पाळण्यात मोठा लाभ आहे. मूळ इब्रीत शब्दशः "पाळण्यात" असंच आहे, पाळल्याबद्दल असं नाही. याकोबाच्या पत्रातही (1:25) तसंच. जो वचनाप्रमाणे करतो तो आपल्या करण्यात धन्य होतो. फळाची पेटी नंतर घरपोच येत नाही. फळ त्या करण्यातच आहे.

एवढं लिहूनही मला माहीत आहे, बारा वर्षांच्या मुलीला हे असं सांगता येणार नाही. तिच्याशी चौघी बोलत नाहीत, तिचं दुःख ते आहे.

वाटसरू

मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या घरातून येणारी गाणी आणि काही मित्र, एवढीच माझी ओळख. आदरानेच विचारतो, राग नसावा. बाहेरून बघताना आज्ञा, पालन, शिक्षा, न्याय हे सगळं मला भीतीचं वाटतं. मोठा कुणीतरी वर बसलाय, हुकूम देतोय आणि खाली माणसं मान तुकवताहेत. लाभाचा विषय निघतोय तोही त्या भीतीला दिलेला मुलामा तर नाही ना?

ओवी

वाटसरू, राग कसला, प्रश्न बरोबर जागी आहे. भाषेच्या अंगाने थोडं सांगते, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय.

"आज्ञा" हा शब्द मराठीत राजदरबारातून येतो, त्यामुळे कानाला हुकूमच लागतो. "नियमशास्त्र" म्हटलं की कोर्ट उभं राहतं. पण इब्री "तोरा" या शब्दाच्या मुळाशी वाट दाखवणं, शिकवणं हा अर्थ आहे. आणि आज्ञा मानणं यासाठी इब्रीत बहुतेक वेळा जे क्रियापद येतं ते आहे "शमा", म्हणजे ऐकणं. "हे इस्राएला, ऐक" यातलं ऐकणं ते हेच. मराठी माणसाला हे समजावून सांगावंच लागत नाही! आपण म्हणतो, "तो आईचं ऐकतो." आवाज कानावर पडतो असं आपल्याला म्हणायचं नसतं. आणि "माझं कुणी ऐकतच नाही" म्हणणारी आजी बहिऱ्या घरात राहत नसते. ऐकणं म्हणजेच मानणं, आणि मानण्याच्या आधी नातं. रस्त्यावरच्या परक्या माणसाचं आपण ऐकत नाही, आपल्या माणसाचं ऐकतो.

दुसरा शब्द "पाळणं". आपण आज्ञा पाळतो, शब्द पाळतो आणि लेकरू पाळण्यात घालतो. इब्रीतलं "शामर" थोडं असंच आहे. एदेन बागेची राखण करायला देवाने माणसाला ठेवलं तिथे ते क्रियापद आहे, आज्ञा पाळा म्हणतात तिथेही तेच, आणि गणना 6 मधल्या आशीर्वादात परमेश्वर तुझं संरक्षण करो म्हणताना पुन्हा तेच. माणूस बाग राखतो, वचन राखतो, आणि देव माणसाला राखतो. हुकूम आणि शिपाई यांच्यात असली भाषा नसते.

भीतीबद्दल योहान आपल्या पहिल्या पत्रात अगदी सरळ लिहितो: प्रीतीच्या ठायी भीती नसते, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. त्याच पत्रात पुढच्या अध्यायात म्हणतो की देवाच्या आज्ञा कठीण नाहीत. आणि प्रभू येशू शिष्यांना, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, आज्ञांबद्दल बोलल्यावर लगेच म्हणतो की हे मी तुम्हाला का सांगितलं, तर माझा आनंद तुमच्यात असावा आणि तुमचा आनंद परिपूर्ण व्हावा (योहान 15:10-11). उद्या मरण आहे हे माहीत असताना तो आनंदाची भाषा करतोय. माणसाला घाबरवायचं असतं तर त्या रात्री दुसरं खूप काही बोलता आलं असतं.

तरी तुम्हाला जे दिसलं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. भीती घालून पाळायला लावणारे आमच्यात आहेत.

रात्रपाळी

लेखणी दादांनी गुलामीचं लिहिलंय त्याला जोडून. मी रुग्णसेवेत आहे. शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातून एक दिवस विसाव्याची, आज्ञा मला कित्येक वर्षं बंधन वाटायची. दिवस मोडला की अपराधी, पाळला की घरची कामं तुंबलेली. मग एकदा निर्गम आणि अनुवाद शेजारी ठेवून वाचले. निर्गमात कारण दिलंय ते उत्पत्तीचं: सहा दिवसांत सृष्टी केली, सातव्या दिवशी देव विसावला. पण अनुवाद 5 मध्ये त्याच आज्ञेचं कारण वेगळंच आहे. तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव! आणि विसावा कुणाकुणाला, तर तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आतला परका. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला थांबता येत नाही तो गुलाम.

ते वाचल्यावर मी पहिल्यांदा माझ्या सुट्टीच्या दिवशी फोन बंद करून झोपले. दुपारी उठले तेव्हा खिडकीतून ऊन पलंगाच्या मधोमध आलं होतं. मी नुसती पडून राहिले. माझ्यावाचून वॉर्ड चालला होता. देवाची आज्ञा माझ्या बाजूची आहे, हे मला त्या दुपारी कळलं. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे प्रभूचं वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल.

मेणबत्ती

वाचतोय. कॅथलिक वाचकांसाठी एक अवांतर: तुम्ही नववी म्हणताय ती आमची आठवी. आम्ही आणि लुथरन, संत ऑगस्टिनच्या मोजणीप्रमाणे, अन्य देव नकोत आणि मूर्ती नकोत ही एकच आज्ञा धरतो आणि शेवटी लोभाच्या दोन करतो. दहा त्या दहाच. आमच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथातही दहा आज्ञा तिसऱ्या भागात येतात, ख्रिस्तामधलं जीवन या विषयाखाली. आधी श्रद्धा, मग संस्कार, मग आज्ञा. लेखणी यांनी सांगितलेला क्रम इथेही आहे, हे वाचून बरं वाटलं.

कडुनिंब

मला लिहिता येत नाही फारसं. पण "आपला बाप व आपली आई यांचा मान राख" या आज्ञेबद्दल सांगावंसं वाटतं.

माझे वडील आम्हाला फार मारायचे. मी घर लवकर सोडलं. सात वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यांना बघायला कुणी उरलं नाही. त्यांचा एक हात लुळा पडलाय. मी त्यांना आणलं ते प्रेमाने नाही आणलं, खोटं कशाला बोलू. आज्ञा आहे म्हणून आणलं. ही आज्ञा फक्त लहान मुलांसाठी नसून मोठ्यांसाठीही आहे, हे मला मार्क 7 वाचून कळलं होतं. तिथे प्रभू अशा लोकांना झापतो जे मोठे होऊन कमावते झालेत आणि "हे कुर्बान आहे, देवाला वाहिलंय" म्हणून आईबापांना द्यायचं टाळतात.

पहिलं वर्ष मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. दर पंधरा दिवसांनी त्यांची नखं कापायला लागतात. लुळ्या हाताची बोटं आत वळलेली असतात, एकेक उघडावी लागतात. ज्या हाताने मारायचे तो हा हात. सुरुवातीला मला तो धरवत नव्हता. पाणी कोमट करायचं, हात बुडवून ठेवायचा, नखं मऊ झाली की कापायची. दीडेक वर्षाने कधीतरी अंगठ्याचं नख कापताना माझ्या लक्षात आलं की मी सावकाश कापतोय, त्यांना लागू नये म्हणून. मला राग शोधूनही सापडेना. ते काही बोलले नव्हते. माफी मागितली नव्हती, आजतागायत नाही. माझ्यातच काहीतरी झालं होतं, आणि ते मी केलेलं नव्हतं.

लोक विचारतात वडिलांसाठी एवढं करून तुला काय मिळालं. मी तीस वर्षं त्या माणसाचा राग करत होतो आणि तो राग माझ्या मुलांवर निघत होता. आता निघत नाही. मला हे मिळालं.

उंबरठा

कडुनिंब दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, मला एक गोष्ट लिहायलाच हवी.

हे तुम्ही मोठे झाल्यावर, तुमच्या घरात, तुमच्या मर्जीने केलंत. वडिलांचा हात आता उगारला जात नाही. जिथे हात अजून उगारला जातो तिथे कृपा करून कुणी ही साक्ष आज्ञा म्हणून सांगू नये. मी अशा घरात नऊ वर्षं काढली. मला "देवाची आज्ञा आहे, अधीन राहा, सोस, फळ मिळेल" असं सांगणारे सगळे देवभीरू लोक होते. देवाचं ऐकणं आणि देवाचं नाव घेऊन आपलं ऐकायला लावणाऱ्याचं ऐकणं यातला फरक मला कुणीही सांगितला नाही. त्याच पानावर, इफिस 5 मध्ये, पतीने पत्नीवर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करावी आणि ख्रिस्ताने तर स्वतःला दिलं, असं लिहिलंय. ते माझ्या नवऱ्याला वाचून दाखवायला कुणी आलं नाही.

निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात दोन सुइणी आहेत, शिफ्रा आणि पुवा. फारोचा, म्हणजे मिसरच्या राजाचा, हुकूम होता की इब्री स्त्रियांचे मुलगे जन्मताच मारा. त्यांनी देवाचं भय धरलं आणि मुलगे जिवंत ठेवले. आज्ञापालनासाठी राजाचा हुकूम मोडला. फारोचं नाव त्या गोष्टीत दिलेलं नाही, सुइणींची दोघींची दिलीयेत. प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये पेत्र म्हणतो, मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. मी घर सोडलं तेव्हा कितीतरी जण म्हणाले की हिने आज्ञा मोडली. माझ्या मते त्या रात्री मी पहिल्यांदा पाळली.

लेखणी

उंबरठा ताई, हे माझ्या लांबलचक प्रतिसादात यायला हवं होतं, आलं नाही. चूक माझी. पुढच्या शास्त्रपाठात यहेज्केल 34 घेणार आहे, कळपाला न पोसता स्वतःलाच पोसणाऱ्या मेंढपाळांवरचा तो अध्याय. तुम्ही लिहिलंत म्हणून घेणार आहे.

अर्धीवाट

सगळ्यांचं वाचलं. तुम्ही सगळे पाळणारे आहात. मी पाळू न शकणारा आहे. कोणती आज्ञा ते इथे लिहीत नाही. दर वेळी ठरवतो, आठवडा जातो, कधी महिना, मग पुन्हा. पाळण्यात लाभ आहे हे पटतं, पण ज्याला जमतच नाही त्याच्यासाठी या धाग्यात काय आहे?

मेणबत्ती

भाऊ, रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय तुमच्या आवाजातच लिहिलाय. जे करावंसं वाटतं ते मी करत नाही, ज्याचा तिटकारा तेच करतो. हे लिहिणारा पौल आहे, कुणी नवखा नाही. आणि आठव्या अध्यायाचं पहिलं वाक्य काय आहे? ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. सातव्यातल्या माणसाचं सगळं जमल्यावर ते वाक्य येत नाही. तो "मी किती कष्टी माणूस!" म्हणतो, देवाचे आभार मानतो, आणि त्याच्या पाठोपाठ येतं.

यहेज्केलाच्या 36 व्या अध्यायात देव म्हणतो की मी तुम्हाला नवं हृदय देईन, दगडाचं काढून मांसाचं देईन, माझा आत्मा तुमच्यात घालीन आणि तुम्ही माझ्या विधींप्रमाणे चालाल असं मीच करीन. पाट्या दगडाच्या होत्या आणि लोकांची हृदयंही. संत ऑगस्टिन हे स्वतःच्या देहाच्या वासनांशी अनेक वर्षं झगडलेला माणूस. त्याने आपल्या 'कबुलीजबाब' या आत्मकथनात देवाला म्हटलंय: तू जे आज्ञापितोस ते दे, आणि मग हवं ते आज्ञाप. मी ही प्रार्थना रोज करतो. कारण, भाऊ, मीही पाळू न शकणाऱ्यांतलाच आहे. दर महिन्याला पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला, जातो आणि बहुतेक वेळा तेच पाप घेऊन जातो. आमचे म्हातारे फादर एकदा म्हणाले, "तू पुन्हा आलास, हे पाप नव्हतं." मी त्या आधारावर उभा आहे.

एकटे राहू नका. एका विश्वासू माणसाला सांगा. इथे नको, समोरासमोर.

जलप्रवाह

अर्धीवाट भाऊ, मी वर अकरा वर्षं लिहिलीयेत. त्यात दोनदा घसरलो, ते लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा घसरलो तेव्हा पाळकसाहेब रात्री घरी आले आणि काही न बोलता माझ्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. पहाटे उठून गेले. मला व्यनि (खासगी निरोप) करा, मी आहे.

मोहरीचा दाणा

सगळ्यांची मी ऋणी आहे. रविवार झाला, म्हणून कळवते.

तिला वर्गाआधी बोलावलं. आधी सांगितलं की मागच्या वेळी मी घाईत उत्तर दिलं, ते बरोबर नव्हतं. ती जरा दचकली. मग तिला दानीएलातल्या त्या तिघांची गोष्ट सांगितली, शद्रख, मेशख आणि अबेद्नगो, राजाच्या मूर्तीला नमन केलं नाही म्हणून जळत्या भट्टीत टाकलेले, आणि आत त्यांच्यासोबत चौथा कुणी दिसला. तिला ती माहीत होती, भट्टीतून सुटले तेवढी. भट्टीत जायच्या आधी ते राजाला काय म्हणाले ते माहीत नव्हतं: आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. "नाही सोडवलं तरी" यावर ती थांबली. म्हणाली, "म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं?" मी म्हटलं, नव्हतं. "आणि भट्टीत चौथा दिसला तो आत गेल्यावर दिसला ना? आधी नाही." हे तिचं. मला सुचलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "तुम्ही कधी खरं बोलून फसलात का?" मी सांगितलं. माझ्या मुलांनाही माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, अगदी ओवी ताई म्हणतात तसं.

नंतर मी निर्गम 20 काढून तिला दुसरं वचन वाचायला दिलं आणि विचारलं, हे आपल्या कागदावर कुठे आहे? तिने दप्तरातून तोच कागद काढला. कोपऱ्याची घडी आता फाटायला आली होती. पाट्यांच्या वरच्या कमानीत जागाच नव्हती, आकडा एक थेट कडेला चिकटलेला. तिने पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, कमानीच्या बाहेरून गोलाकार लिहिलं: मी तुला बाहेर आणलं. ओळ कागदात मावेना, तेव्हा शेवटचा शब्द मागच्या बाजूला लिहिला.

चौघींपैकी एक तिच्याशी बोलायला लागलीये. बाकीच्या तिघी अजून नाही.

पुढच्या वर्गासाठी मी पाट्यांचं चित्र नव्याने काढायला घेतलंय, वर दोन ओळींची जागा सोडून.